पावशाची शिकवणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी कार्टूनबद्दल बोलणार आहे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवत चार मुलांना सा रे ग म घोकायला लावणाऱ्या वाशीमच्या एका म्हाताऱ्याला हा विषय कुठून सुचला, असं तुम्हाला वाटेल. मला तो सुचलाच नाही. तो माझ्या घरी पुण्याहून सुटीला आला.

त्याचं असं झालं. मे महिन्यात माझी नात आली होती. दहावीची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता. दुपारभर टॅब उशीला टेकवून ती जपानी कार्टून बघत बसायची. मी दोनदा ‘कार्टून’ म्हटलं आणि दोन्ही वेळा तिनं मला दुरुस्त केलं. ‘‘आबा, कार्टून नाही, ॲनिमे.’’ मला त्यात मोठमोठे डोळे आणि रंगीबेरंगी केसांपलीकडे काही दिसत नव्हतं. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको, कारण वाशीमच्या मे महिन्यात कूलर चालू असला की घरातल्या माणसाचाही आवाज ऐकू येत नाही.

एका दुपारी वीज गेली. कूलर थांबला आणि घरात एकदम शांतता झाली. त्या शांततेत टॅबमधून पियानो ऐकू आला. धावतं, अवघड वादन होतं, पण एकही सूर घसरत नव्हता. मी उठून बघायला गेलो. पडद्यावर चष्मा लावलेला एक मुलगा पियानोपुढे बसला होता. त्याचे हात पट्ट्यांवर पडत होते. आणि एकाएकी सूर पाण्यात बुडावेत तसे बुडाले. हात चालूच होते, पण सूर नव्हता.

मी म्हटलं, ‘‘तुझं यंत्र बिघडलं.’’

ती म्हणाली, ‘‘बिघडलं नाही आबा. त्याला ऐकू येत नाहीये. म्हणून आपल्यालाही येत नाही.’’

मी खुर्ची ओढून बसलो तो संध्याकाळी दिवे येईपर्यंत उठलो नाही.

ती मालिका होती ‘युअर लाय इन एप्रिल’. नाओशी अराकावा यांच्या चित्रकथेवरून २०१४-१५ मध्ये तिचे बावीस भाग झाले. कोसेई नावाचा मुलगा पियानोतला चमत्कार मानला जात असतो. त्याची आई आजारी, आणि शिक्षिका म्हणून फार कडक. चुकलं की मार. एका स्पर्धेनंतर तो चिडून आईला नको ते बोलून बसतो आणि पुढे लवकरच आई जाते. त्यानंतर तो वाजवायला बसला की काही वेळानं त्याला स्वतःचाच पियानो ऐकू येईनासा होतो. मग त्याला व्हायोलिन वाजवणारी एक मुलगी भेटते. बेथोव्हेनची रचना ती स्पर्धेत आपल्या मनासारखी वाजवते. परीक्षक कपाळाला आठ्या घालतात आणि लोक टाळ्या वाजवतात. शेवटच्या भागात कोसेई शोपँची जी मायनरमधली बॅलड वाजवतो. का वाजवतो ते मी सांगत नाही. घरात नात असेल तर तिलाच विचारा.

श्रोतेहो, मला पाश्चात्त्य संगीत येत नाही. माझी परीक्षा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची, विशारदपर्यंतची. पण त्या संध्याकाळी मला एक गोष्ट कळली. आपल्या चित्रपटांत शास्त्रीय संगीत बहुतेक वेळा मागे असतं. नायिका उदास झाली की सतार वाजते, पहाट झाली की बासरी वाजते. इथं संगीत मागे नव्हतं. काय वाजतंय, कोण वाजवतंय आणि त्याला ते का जमत नाही, हीच गोष्ट होती. मुळात ऐकायला अवघड असलेली रचना माझी नात श्वास रोखून ऐकत होती, कारण त्या रचनेच्या शेवटापर्यंत तो मुलगा टिकतो की नाही, हे तिला बघायचं होतं.

मग मी तिला चौकशा करायला लागलो. ती म्हणाली, असे पुष्कळ आहेत. ‘नोदामे कान्ताबिले’ ही तोमोको निनोमिया यांची चित्रकथा. तिच्यावर २००७ मध्ये मालिका आली. त्यात एक वेंधळी पियानोवादक आणि एक शिस्तीचा संगीतसंचालक. ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ या नावाची ११० भागांची मालिका १९८८ ते १९९७ या काळात निघाली. तिच्यात अंतराळातल्या लढाया आहेत आणि त्यांच्याबरोबर माहलर, ब्रुकनर, शोस्ताकोविच वाजतात. तिच्याच पहिल्या चित्रपटात एका लढाईला रॅव्हेलचा ‘बोलेरो’ लावला आहे. एकच ठेका, एकच चाल, हळूहळू चढत जाणारी. आपल्याकडे भजन द्रुत लयीला जातं ना, काहीसं तसंच. म्हातारपणी मी अंतराळातल्या लढाईत ताल धरला, हे शेजाऱ्यांना सांगू नका.

आता मनात प्रश्न आला. शोपँ पोलंडचा, बेथोव्हेन जर्मन. जपानी मुलांना हे इतकं घरचं कसं झालं?

याचं उत्तर जपानच्या शाळेत आहे. मेजी काळात जपाननं दारं उघडली, तेव्हा शाळेत कोणतं संगीत शिकवायचं हा प्रश्न आला. १८७९ मध्ये सरकारनं त्यासाठी एक मंडळ नेमलं. इसावा शुजी त्याचे प्रमुख. त्यांनी अमेरिकेतून, बोस्टनमधून ल्यूथर व्हायटिंग मेसन नावाच्या संगीतशिक्षकाला बोलावलं. परदेशी चालींवर जपानी शब्द बसवून शाळेची गाणी तयार झाली. एका स्कॉटिश चालीवर त्यांनी काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलांचं गाणं रचलं. शाळेच्या निरोप समारंभात ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं. चाल स्कॉटलंडची आहे हे गाणाऱ्याला ठाऊक असो नसो, डोळे भरून येतात ते शाळेच्या आठवणीनं.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. पहिल्या महायुद्धात जपाननं पकडलेले सुमारे एक हजार जर्मन सैनिक शिकोकू बेटावर बांदो इथल्या छावणीत होते. १ जून १९१८ रोजी त्या कैद्यांनी बेथोव्हेनची नववी सिंफनी अथपासून इतिपर्यंत सादर केली. जपानमध्ये ती संपूर्ण वाजली ती पहिल्यांदा तिथं. तिच्यात बायकांचे आवाज लागतात. छावणीत बायका कुठून आणणार? तेही पुरुषांनीच गायले. आज जपानमध्ये दर डिसेंबरला गावोगावी हीच सिंफनी होते आणि ओसाकात तर दहा हजार माणसं एकत्र ती गातात. आपण कोजागरीला दूध आटवतो, तसे ते वर्षाअखेर बेथोव्हेन गातात.

परकं वाद्य आपलं करून घेण्यात आपणही काही कमी नाही. ज्या पेटीवर माझं अर्धं आयुष्य गेलं, ती मूळची कुठली? पॅरिसमध्ये १८४२ साली अलेक्झांडर दबँ यानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती इथं आली, कलकत्त्यात तिला हातानं चालवायचा भाता मिळाला, आणि मग ती नाटकात, कीर्तनात, भजनात अशी घुसली की आमच्याकडच्या खेड्यात तिला ‘बाजा’च म्हणतात. वाद्य म्हणजे तेवढंच! गंमत अशी की ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, तिनंच १९४० मध्ये पेटीला बंदी घातली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती टिकली. रवींद्रनाथांनाही पेटी आवडत नसे. तक्रार अशी होती की पेटीचे सूर ठोकून बसवलेले असतात, त्यांना ना मींड ना श्रुती. तरुणपणी मला या बंदीचा फार राग यायचा. ही तक्रार तेवढी ध्यानात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

मग आपल्याकडे चित्रांतून गाणं सांगायचा प्रयत्न झालाच नाही का? झाला की. तुमच्यातल्या पुष्कळांना दूरदर्शनवरची ‘एक अनेक और एकता’ ही छोटी फिल्म आठवत असेल. १९७४ सालची. ती केली विजया मुळे यांनी, चित्रं हलवली भीमसेन यांनी, आणि संगीत होतं आपल्या वसंत देसाईंचं. आजही चाळिशीतला माणूस ती चाल गुणगुणतो. आणि जपानशी तर आपलं थेट नातं आहे. युगो साको नावाचे जपानी चित्रपटकार १९८३ मध्ये उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणात गुंतले. त्यातून ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट झाला. जपानी चित्रकार आणि मुंबईचे राम मोहन यांनी मिळून केलेला. १९९३ च्या जानेवारीत तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. त्याचं संगीत वनराज भाटियांचं. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकलेला हा माणूस, आणि ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘भारत एक खोज’ यांचं संगीत त्याचंच. तेव्हा चित्रपटगृहांत तो इथं नीट पोचलाच नाही. पुढे मुलांनी तो टीव्हीवर पाहिला आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा हीच मुलं आपापली मुलं घेऊन गेली.

म्हणजे कलावंतांची आपल्याकडे वाण नाही. गोष्टींची तर नाहीच नाही. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकतो आणि १९०१ साली लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढतो. ही विष्णु दिगंबरांची गोष्ट कोणत्या ॲनिमेपेक्षा कमी आहे? गुरू शोधायला घरातून पळालेले भीमसेन जोशी आहेत. दूर कशाला, वसंतराव देशपांड्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, आमच्या कारंज्याहून शकुंतला रेल्वेच्या वाटेवरचं गाव. शकुंतला आता बंद आहे, पण गाव आहे तिथंच आहे. आम्ही मुलांना काय देतो? आरोह, अवरोह, वादी, संवादी, गानसमय. पाठ करा, पेपरात लिहा. कोण गात होतं आणि का गात होतं, हे सांगायला आमच्याकडे वेळ नसतो.

हे मी नातीला मोठ्या तावातावानं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, ‘‘आबा, मग तुम्हाला एक दाखवते. जुना आहे, माझ्या आईपेक्षाही जुना.’’

तो चित्रपट म्हणजे ‘गोश द चेलिस्ट’. १९८२ चा. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. मूळ गोष्ट केन्जी मियाझावा यांची. हे मियाझावा जपानच्या उत्तरेकडच्या इवाते भागातले. शेतकीच्या शाळेत शिक्षक. शेतकऱ्यांना खतं, माती समजावून सांगत गावोगाव हिंडायचे, स्वतः चेलो शिकायची खटपट करायचे. १९३३ मध्ये सदतिसाव्या वर्षी गेले. ही गोष्ट छापली गेली ती त्यांच्या पश्चात, १९३४ मध्ये. चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ. खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवतात. आवाज खर्जातला, माणसाच्या गळ्याजवळचा.

गोश हा एका छोट्या गावातला वादक. गावच्या सिनेमाघरात मूकपटाला साथ करणारं एक वाद्यवृंद आहे, त्यात चेलो वाजवतो. गावात जलसा व्हायचा आहे, त्यासाठी बेथोव्हेनची सहावी सिंफनी बसवणं चालू आहे. सगळ्यात कच्चा गडी गोश. संचालक सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करतो. सूर जुळत नाही, लय मागे पडते, वाजवण्यात जीव नाही. गोश भिंतीकडे तोंड करून रडतो. मग आपली भली मोठी पेटी पाठीवर टाकून गावाबाहेरच्या पाणचक्कीजवळच्या झोपडीत जातो आणि रात्र रात्र रियाज करतो.

त्या झोपडीत एकेका रात्री एकेक पाहुणा येतो. पहिल्या रात्री एक मांजर. गोशच्याच बागेतले कच्चे टोमॅटो तोडून त्यालाच भेट घेऊन येतं आणि ऐटीत शुमानची रचना वाजव म्हणतं. गोश चिडतो आणि एक भयंकर तुकडा वाजवतो. त्या तुकड्याचं नाव काय असावं? ‘हिंदुस्थानातली वाघाची शिकार’! मांजराच्या अंगातून ठिणग्या निघतात, ते भिंतींवर आपटतं. मी इतका हसलो की घरातली मंडळी बघायला आली.

दुसऱ्या रात्री एक पक्षी येतो. कुकू. आपल्या पावशाच्याच भाऊबंदांतला. आमच्याकडे मृगाच्या तोंडावर पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, तो हाच गोतावळा. हा पक्षी म्हणतो, मला सूर शिकव. गोश म्हणतो, तुला कसले सूर, तू तर जन्मभर दोनच सुरांत ओरडतोस. पक्षी म्हणतो, ते दोन सूरच तर नीट लागत नाहीत. आम्ही दहा हजार जण ओरडलो तर दहा हजार वेगळे ओरडतो. गोश वाजवतो, पक्षी त्याच्या मागून म्हणतो. पुन्हा वाजव. पुन्हा वाजव. किती वेळ! आणि वाजवता वाजवता गोशला वाटायला लागतं की, पक्ष्याचा सूरच बरोबर आहे, माझाच चुकतो आहे. आणि हे लक्षात आल्याबरोबर त्याला काय होतं? आनंद? नाही. त्याला राग येतो. तो ओरडतो, निघून जा. घाबरलेला पक्षी खिडकीच्या काचेवर आपटतो, पुन्हा पुन्हा आपटतो, चोचीतून रक्त येतं. शेवटी गोश लाथेनं काच फोडतो आणि पक्षी अंधारात उडून जातो.

तिसऱ्या रात्री रानकुत्र्यासारखं दिसणारं एक पिल्लू ढोल वाजवायला येतं आणि भाबडेपणानं सांगून टाकतं की, दुसऱ्या तारेवर तुमची लय मागे पडते. चौथ्या रात्री एक उंदरीण आजारी पिल्लू घेऊन येते. म्हणते, तुमच्या वादनानं रानातली जनावरं बरी होतात, ती तुमच्या घराखाली येऊन पडतात. गोशला यातलं काही ठाऊक नसतं. ज्याला सगळे कच्चा म्हणतात, त्याच्या वाजवण्यानं कुणाचं तरी दुखणं थांबतं आहे.

मग जलसा होतो. सिंफनी उत्तम रंगते. लोक आणखी मागतात तेव्हा संचालक गोशलाच पुढे ढकलतो. त्याला वाटतं, आपली थट्टा चालली आहे. तो रागानं तीच वाघाची शिकार वाजवतो आणि सगळे थक्क होऊन ऐकतात. माझ्या लक्षात राहिला तो शेवट मात्र यानंतरचा. रात्री घरी परतल्यावर गोश त्या खिडकीशी उभा राहतो, पक्षी ज्या बाजूला उडाला त्या आकाशाकडे बघतो आणि त्याची माफी मागतो. पक्षी तिथं नसतो. तरी मागतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. बेथोव्हेनच्या या सहाव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन पक्षी बोलतात. बासरीत नाइटिंगेल, ओबोत लावा आणि क्लॅरिनेटमध्ये कुकू. १८०८ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली तेव्हापासून कुकू तिच्यात आहे. म्हणजे जी सिंफनी गोशला जमत नव्हती, तिच्यातलाच एक पक्षी त्याला सूर शिकवायला आला होता आणि त्यानं त्याला हाकलून दिलं.

चित्रपट संपला. नात म्हणाली, ‘‘कसा वाटला?’’ मला बोलवेना. कारण माझ्याकडेही एक पावशा येऊन गेला होता.

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा वाशीम अजून अकोला जिल्ह्यात होतं. आमचा वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. माझ्याकडे परीक्षेला बसणारी सहा-सात मुलं शिकवणीला येत. त्यात मानोऱ्याकडच्या एका खेड्यातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. वाशीमला मावशीकडे राहून शिकायचा. त्याचा आजा खंजिरी आणि एकतारीवर भजनं म्हणणारा, तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेला माणूस. मुलाचा आवाज गोड होता, कान त्याहून गोड होता.

राग भूप चालू होता. सा रे ग प ध. सोपा राग, पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात तो. सगळी मुलं पेटीबरोबर म्हणायची. हा गंधारावर आला की अडायचा. माझी पेटी एक म्हणायची, हा किंचित खाली राहायचा. मी म्हणायचो, चढव. तो म्हणायचा, ‘‘गुर्जी, आणखी एक डाव वाजवा ना.’’ मी वाजवायचो. तो डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा तिथंच राहायचा. ‘‘आणखी एक डाव.’’ असं दहा-बारा वेळा झालं. बाकीची मुलं हसायला लागली. तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, ‘‘गुर्जी, माह्या आज्याच्या एकतारीत हा सूर इथं नाही लागत. तुमचा मले चढा वाट्टे.’’

परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मुलांसमोर माझा सूर चुकीचा ठरवला गेला होता. मी भात्याचा खटका लावला आणि म्हणालो, ‘‘मग आज्याकडंच शीक. तुझ्यानं हे व्हायचं नाही.’’

तो उठला. दप्तर घेतलं. दाराशी जाऊन परत फिरला आणि माझ्या पाया पडून गेला. त्यानंतर आला नाही.

श्रोतेहो, आता गंधाराचं सांगतो. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून एक सूर आपोआप ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीचे सूर बसवताना सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा चढा पडतो. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर सुमारे चौदा भाग चढा. फार नाही, पण ज्याला कान आहे त्याला तो खुपतो. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली, त्यामागची तक्रार हीच होती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर १९१० मध्येच श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि श्रुतींची वेगळी पेटी करण्यासाठी खटपट केली.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लेखी परीक्षेत मी स्वयंभू गंधारावर पानभर लिहून गुण मिळवले होते. पण माझ्यापुढे बसून एका मुलानं तो गाऊन दाखवला, तेव्हा मला ओळखता आला नाही. मी पुस्तकात शिकलो होतो, त्यानं एकतारीत ऐकला होता.

त्या रात्री नात झोपल्यावर मी भिंतीवरचा तंबोरा काढला. तारा गंजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बदलल्या, जुळवायला तास गेला. डोळे मिटून बसलो. बऱ्याच वेळानं खर्जातून तो गंधार वर आला. मग पेटीची पट्टी दाबली. दोन्ही सूर एकमेकांना खेटून थरथरायला लागले. मुलगा जिथं थांबत होता, ती जागा तीच होती.

जूनमध्ये पेरण्या झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. बसनं मानोरा, तिथून पुढे काळी-पिवळी. घराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. त्यानं सांगितलं, ‘‘तो? तो पुण्याकडं कंपनीत हाये. दिवाळीले येते.’’ मी विचारलं, अजून गातो का? म्हातारा म्हणाला, ‘‘गाते ना! काकड्याले आला की त्यालेच सांगतात लोकं. बाजा नाही घेत मातर तो. एकतारीवरच गाते.’’

मी त्या ओट्यावर पाणी पिऊन परत आलो.

आता माझ्याकडे दोन मुलं येतात. पहिले सहा महिने मी पेटी उघडत नाही. तंबोऱ्यापुढे बसवतो, आणि तारेतून सूर वर येईपर्यंत गप्प राहायला सांगतो. ती मुलं असल्यामुळे गप्प राहत नाहीत. मग मी त्यांना गोष्टी सांगतो. मांजराची, वाघाच्या शिकारीची, मिरजेच्या वाटेनं निघालेल्या अधू डोळ्यांच्या मुलाची. त्यातली एक जण परवा मध्येच म्हणाली, ‘‘गुर्जी, परत वाजवा ना.’’ मी वाजवला. चौदा वेळा मागितला, चौदा वेळा वाजवला.

आपण शिक्षक, आईबाप, आजी-आजोबा. आपल्या घरातली मुलं कानाला काय लावून बसली आहेत, हे एकदा त्यांच्याशेजारी बसून ऐका. कदाचित त्यांच्याकडे बेथोव्हेन असेल. आणि एखादं मूल तोच सूर पुन्हा पुन्हा मागत असेल, तर ते ढ आहे असं ठरवण्याआधी आपली पेटी तपासून बघा.

माझी वेळ संपत आली. गोशनं माफी मागितली ती मोकळ्या आकाशाकडे बघून. माझ्यापुढे हा मायक्रोफोन आहे, आणि याचाही आवाज आकाशातूनच जातो. मानोऱ्याकडच्या त्या मुलाला सांगायचं आहे. आता तू चाळिशी ओलांडली असशील. कदाचित ऐकत असशील, कदाचित तुझ्या गावचं कुणी ऐकत असेल आणि तुला सांगेल. बाळा, त्या दिवशी तुझा गंधार बरोबर होता. माझा चढा होता. यंदा काकड्याला येशील तेव्हा मला निरोप दे. मी मागे बसून ऐकेन. पेटी आणणार नाही.